हॅट सैल बसते? आतून लावायच्या फोमपट्टीचा अनुभव

उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्यावर लिहितोय, त्यामुळे घाम, दमट हवा, उन्हात तापलेली गाडी या सगळ्यातून ही पट्टी गेलेली आहे. वस्तू साधी आहे: सुमारे 3 मिलिमीटर जाड फोम, मागे चिकट बाजू, त्यावर कागद. वापर लोकरी फेल्टच्या (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या), आत चामड्याची घामपट्टी (डोक्याभोवती टेकणारी पट्टी) असलेल्या हॅटमध्ये.

आधी डोकं मोजा. शिंप्याची टेप भुवयांच्या आणि कानांच्या जरा वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून फिरवा. हॅटवरचा 57, 58 हा आकडा म्हणजे हाच घेर सेंटिमीटरमध्ये. 3 मिलिमीटरची पट्टी सगळीकडून लावली तर हिशेबाने घेर जवळपास 19 मिलिमीटरने कमी व्हायला हवा, पण फोम दबतो. प्रत्यक्षात साधारण 1 सेंटिमीटरचा, म्हणजे एका नंबरचा फरक पडतो. हॅट दोन नंबर मोठी असेल तर पट्टीवर पट्टी चढवू नका. घामपट्टी आत फुगते, हॅट डोक्यावर उचलल्यासारखी बसते आणि वाऱ्याला लगेच उडते. अशी हॅट बदलून घेतलेलीच बरी.

घामपट्टी फक्त खालच्या कडेला शिवलेली असते, वरची कड मोकळी असते. ती मोकळी कड बोटांनी धरून खाली, बाहेरच्या बाजूला उलटवा. फेल्ट आणि चामडं यांच्यामधली खाच दिसेल. पट्टी तिथे, शिवणीच्या अगदी लगत बसवायची. वर सरकली की चामडं तिरकं होतं आणि कपाळावर वळ उठतो.

आता मुख्य गोष्ट: पाकिटावर अख्खा वेढा द्यायला सांगतात, तो देऊ नका. बहुतेक वेळा हॅट सगळीकडून सारखी सैल नसतेच. हॅट घालून कडेने बोट फिरवा. कपाळावर दाब आणि कानांच्या वर फट असेल तर डोकं लांबट आहे आणि हॅट गोल. मग फक्त दोन्ही बाजूंना 6-7 सेंटिमीटरचे तुकडे द्या. उलट कानांच्या वर आवळत असेल आणि पुढेमागे हलत असेल तर एक तुकडा कपाळाला, एक मागे. तुकड्यांची टोकं कात्रीने तिरपी कापा, म्हणजे चामड्यावर पायरी उमटत नाही. टोकावर टोक चढवू नका. तीच जागा तासाभरात टोचायला लागते.

चिकट बाजूचा कागद निदान आठवडाभर काढू नका. घामपट्टीच्या दाबानेच तुकडे जागेवर राहतात, आणि जागा बदलावीशी वाटते ती पहिल्या चारआठ दिवसांतच. माझं मत विचाराल तर कागद कधीच काढू नये. बंद गाडीच्या उष्णतेत हा गोंद पाघळतो, फेल्टच्या तंतूंत शिरतो आणि मग तुकडा ओढून काढताना लोकर सोबत निघते. या वस्तूतली खरी उणीव हीच.

टिकाऊपणा ठीक आहे. कपाळाचा तुकडा सगळ्यात आधी चपटा होतो, मागचा बराच टिकतो. म्हणून पाकीट घेताना सुटे तुकडे शिल्लक राहतील असं घ्या. फोम घाम धरून ठेवतो आणि वास मारतो. दर पंधरा दिवसांनी काढून साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवा, सावलीत वाळवा. हॅट पावसात भिजली तर तुकडे आधी बाहेर काढा, घामपट्टी खाली उलटवून तिच्यावरच हॅट उभी ठेवा. उन्हात किंवा ड्रायरने वाळवली की चामडं आक्रसतं आणि सैल हॅट एकदम घट्ट होऊन बसते.

हॅट घट्ट असेल तर पट्टीचा काही उपयोग नाही. त्यासाठी स्क्रूचा लाकडी स्ट्रेचर, म्हणजे हॅटच्या आत घालून ती ताणायचा साचा, लागतो. घामपट्टी उलटवून किटलीची वाफ वीतभर अंतरावरून फक्त फेल्टला द्या, चामड्याला नको. घामपट्टी परत आत करा, स्ट्रेचर हाताला अडेपर्यंत फिरवा, वर अर्धा फेरा द्या आणि रात्रभर ठेवा. एका नंबरापेक्षा जास्त ताणलं तर घामपट्टीची मागची शिवण आधी उसवते. लोकरी फेल्ट थोडं परत आक्रसतं, त्यामुळे हे अधूनमधून पुन्हा करावं लागतं. पिळलेल्या कागदाच्या स्वस्त स्ट्रॉ हॅटला मात्र वाफ अजिबात देऊ नका, ओल लागली की ती ढिली पडून आकार सोडते. तिच्यात वरचे फोमचे तुकडे छान चालतात.