डाव्या पायाच्या स्टॉपरला पोर्तुगालचं बोलावणं

कोल्हापुरात गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेतात. स्टॉपरचं, म्हणजे गोलसमोर मधोमध उभं राहून बचाव करणाऱ्याचं (बाहेर त्याला सेंटर बॅक म्हणतात), नाव निघतं ते गोल खाल्ला की. माझा धाकटा भाऊ स्टॉपर आहे, पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळतो, आणि आम्हाला ज्या माणसाने गंडवलं त्याने बरोबर इथंच बोट ठेवलं. तो फुटबॉल न कळणारा भामटा नव्हता. खेळ त्याला चांगला कळत होता, म्हणून तर हे लिहितेय.

शाहू स्टेडियमवर मॅच संपल्यावर तो पप्पांना भेटला. अंगात साधा टी-शर्ट, हातात टॅब. कार्ड वगैरे नंतर. आधी त्याने एक क्लिप दाखवली. आपला राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू, वर चढलेला, त्याच्या मागे मोकळं रान, आणि समोरच्यांचा बॉल अजून सेंटरलाच. भावाभोवती पिवळं वर्तुळ काढलं होतं. बॉल सुटायच्या आधी तो तीन-चार पावलं उजवीकडे सरकतो, समोरचा खेळाडू मान वर करून बघतो, आणि बॉल पुढे टाकायचा सोडून मागे देतो. बस. टॅकल नाही, हेडिंग नाही. "यानं बॉलला पाय लावला नाही, पण गोल यानंच वाचवला," तो म्हणाला. पप्पा स्वतः तरुणपणी तालमीकडून खेळलेले. पोराच्या खेळाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. रात्री तीच क्लिप आईला, मग काकांना, मग खालच्या किराणा दुकानदाराला.

"सहा फूट एक इंच, त्यात डावा पाय. डाव्या पायाचा सेंटर बॅक बाहेर शोधून सापडत नाही, साहेब." आता गंमत अशी, की हे खरंच आहे. डावीकडचा स्टॉपर डाव्या पायाचा असला की मागून पास काढायला कोन मोकळा मिळतो, आणि असे खेळाडू कमीच. त्याच्या बोलण्यातलं निम्म्याहून जास्त असंच खरं होतं. खोटं फक्त पैशाजवळ यायचं.

जुलै २०२५ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, बेमुदत लांबणीवर पडली आणि त्याचे फोन वाढले. "इथल्या लीगचं काय होणार देवाला ठाऊक. पोरगं बाहेर काढा." कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला, तेव्हापासून आमच्याकडच्या घराघरांत असं एक स्वप्न आहेच. आठवड्याभरात पोर्तुगालच्या तिसऱ्या स्तरावरच्या एका क्लबचं पत्र आलं. लोगो, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. भाऊ तेव्हा सतरा वर्षांचा. "अठरा पूर्ण होईपर्यंत अकादमीत ठेवतील, मग प्रो काँट्रॅक्ट."

मग पैसे. व्हिडिओ प्रोफाइलचे ३५ हजार. ट्रायल आणि राहण्याचे सव्वा लाख. 'आयटीसी डिपॉझिट' (आयटीसी म्हणजे काय ते पुढे सांगते) म्हणून ८० हजार, 'व्हिसा फाइल'चे ६० हजार. तीन लाख झाले. आईच्या पाटल्यांवर सोनेतारण केलं, उरलेले काकांनी हातउसने दिले. मी पतसंस्थेत काम करते. पैसे जात होते ते प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाच्या बचत खात्यात. कंपनीच्या नावाचं चालू खातं एकदाही नाही. पप्पांना म्हटलं तर म्हणाले, "तुला फुटबॉलमधलं काय कळतंय?" फुटबॉलमधलं नसेल कळत, खात्यांमधलं कळतं. पण घरात पोर्तुगालचं नाव निघालं की खात्याबद्दल कोण ऐकतंय.

फुटलं ते मिरजेच्या एका गोलकीपरमुळे. भावाची आणि त्याची जुनी ओळख, कुठल्याशा स्पर्धेतली. त्यालाही त्याच क्लबचं पत्र आलेलं. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. तारीख तीच, जावक क्रमांक तोच, क्लबच्या गावाच्या नावात टायपिंगची चूक तीच. आणि त्या गोलकीपरच्या पत्रात लिहिलेलं की 'डाव्या पायाचा सेंटर बॅक म्हणून आपली निवड झाली आहे'. भाऊ हसला नाही. मला मात्र हसू आलं, खोटं कशाला बोलू. क्लबच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर मी मेल टाकला. उत्तर दोन ओळींचं: या नावाचं आमचं कुणी नाही, आणि ट्रायलसाठी आम्ही पैसे घेत नाही.

मग मी नियम वाचायला बसले. सगळे उघड्यावर पडलेले आहेत, कुणीही वाचावेत. फिफाच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. अपवाद मोजके, त्यातले मुख्य असे: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, सोळा ते अठरा वयाचा मुलगा युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्यात जात असेल, किंवा घर आणि क्लब सीमेला लागून, ५० किलोमीटरच्या आत असतील. पेठेतलं पोरगं यातल्या कशात बसतं, तुम्हीच सांगा.

आयटीसी म्हणजे आंतरराष्ट्रीय बदलीचं प्रमाणपत्र. ते एका देशाचा महासंघ दुसऱ्या देशाच्या महासंघाला फिफाच्या ऑनलाइन यंत्रणेतून देतो. खेळाडूच्या किंवा एजंटच्या हातात ते येतच नाही. आणि ते मोफत द्यायचं, असं नियमातच लिहिलंय. आमच्याकडे त्याच्या ८० हजारांची छापील पावती आहे. व्हिसाचं म्हणाल तर जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे, आणि तीही अर्ज करताना भरायची असते. अर्ज कसला, भावाच्या बोटांचे ठसे घ्यायलाही कुणी बोलावलं नव्हतं.

त्याचं कार्ड आता नीट बघितलं. 'फिफा मान्यताप्राप्त एजन्सी' आणि खाली 'रजिस्टर्ड इंटरमीडियरी'. इंटरमीडियरी, म्हणजे मध्यस्थ, ही जुनी पद्धत. २०२३ पासून फिफाची परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं आणि ते माणसाला मिळतं, कंपनीला नाही. म्हणजे 'मान्यताप्राप्त एजन्सी' हे शब्दच खोटे. लायसन्स असलेल्यांची यादी फिफाच्या साइटवर नावाने शोधता येते. दोन मिनिटांचं काम. त्यातही अल्पवयीन मुलाकडे जायचं तर एजंटला आधी पालकांची लेखी संमती लागते. आमच्याकडे तो थेट टॅब घेऊन आला. आणि एजंटची फी निघते ती करार झाल्यावर, मिळणाऱ्या रकमेच्या टक्क्यांत. कराराआधी खेळाडूच्याच खिशातून पैसे काढणारा माणूस एजंट नसतो, तो गिऱ्हाईक शोधत असतो.

पप्पा अजून म्हणतात, पैसे गेले ते गेले, निदान पोरगं तिकडे पोचलं असतं तर. मला हे ऐकून धडकी भरते. जून २०२३ मध्ये पोर्तुगालच्या उत्तरेला रिबा द आवे गावातल्या एका फुटबॉल अकादमीवर तिथल्या यंत्रणेने छापा टाकला. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आशियातून आणलेले ४७ खेळाडू सापडले, त्यातले ३६ अल्पवयीन. मानवी तस्करीचा संशय होता. त्यांनाही कुणीतरी मैदानावर गाठून असंच काहीतरी सांगितलं असेल. आपलं पोरगं निघालंच नाही, हे आमचं नशीब म्हणायचं.

आणि स्टॉपरला एवढी घाई कशाची? स्ट्रायकर विशीत चमकतो, पण स्टॉपर मुरायला वेळ लागतो. भारताचा स्टॉपर संदेश झिंगन सिक्कीमच्या क्लबकडून दुसऱ्या श्रेणीत खेळला, २०१४ मध्ये आयएसएलच्या केरळ ब्लास्टर्समध्ये आला, आणि क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबकडे गेला तो २०२१ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. भारताच्या बचावाचा कणा होऊन मग गेला. तिथे दुखापतीने गाठलं आणि एकही सामना न खेळता परतला. मुंबईचाच बचावपटू असलेल्या राहुल भेकेने आयएसएलच्या फायनलमध्ये जादा वेळेत हेडरवर गोल मारून बंगळुरूला चषक दिला तो मार्च २०१९ मध्ये, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. हे मी भावाला सांगितलं तर म्हणाला, "मला माहीत आहे गं, पप्पांना सांग."

तक्रारीचं थोडक्यात सांगते. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकं खातं गोठवायची शक्यता जास्त. पहिल्या काही तासांतच काय ते. आमचं प्रकरण फुटेपर्यंत पैसे गेल्याला महिने झाले होते. एका खात्यात थोडी रक्कम अडकली, ती सुटायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं गेलं. तरी सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचं आहे. पावत्या, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, पत्र ज्या मेलने आलं तो मूळ मेल, सगळं जपून ठेवलं होतं म्हणून काम सोपं गेलं. व्हॉट्सॲपवर तो 'डिलीट फॉर एव्हरीवन' करत गेला होता, पण भावाने सुरुवातीपासून स्क्रीनशॉट काढले होते. ट्रायलची आठवण म्हणून, पुरावा म्हणून नव्हे.

मिरजेच्या गोलकीपरचे वडील आणि पप्पा एकत्र जाऊन जबाब देऊन आले. सांगलीकडच्या आणखी एका घराचा पत्ता लागला होता, तिथं मी स्वतः फोन केला. त्यांनी नकार दिला. मुलाचं नाव पोलिसांत गेलं तर उद्या कुठला क्लब घेईल, असं त्यांचं म्हणणं. तक्रारदाराला कुठलाही क्लब बाद करत नाही, हे मी परोपरीने सांगितलं. गेलेली रक्कम विचारली तर गप्प झाले, आणि मग जो आकडा सांगितला तो आमच्या दुपटीहून मोठा होता.