कॉन्ट्रॅक्टरांसाठी 'वर्क ऑर्डर ते लवाद' क्लास केला, ४,५०० वसूल झाले का?

आधीच सांगतो, क्लासचं नाव लिहीत नाहीये. चांगलं लिहिलं तर जाहिरात वाटेल आणि वाईट लिहिलं तर त्यांचे फोन येतील, दोन्ही नको. पुण्यात झाला, गेल्या वर्षी जुलैत, दोन रविवार, सकाळी दहा ते पाच, फी ४,५०० अधिक जीएसटी, जेवण त्यातच. शिकवायला दोघं, एक बांधकाम खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर सर आणि एक वकील मॅडम ज्या लवादाचीच, म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेल्या आर्बिट्रेटरकडून वादाचा निकाल घ्यायची, कामं करतात. आम्ही पंचवीसेक जण होतो, प्लंबिंगवाले, वॉटरप्रूफिंगवाले, सेंट्रिंगवाले, एक जण तर सोलापूरहून पहाटेच्या गाडीने आलेला.

मी अॅल्युमिनियम स्लायडिंग खिडक्यांची कामं घेतो, भोसरीत छोटं शेड आहे. क्लासला जायचं कारण म्हणजे एका बिल्डरकडे माझे ११ लाख ४० हजार अडकलेत. काम ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण, लोक राहायला आले, पडदे लागले खिडक्यांना, आणि माझं फायनल बिल अजून "अकाउंटला आहे". शेवटी बायको म्हणाली फोन करत बसण्यापेक्षा काहीतरी शिकून तरी या.

पहिल्या रविवारी सकाळी सरांनी घेतलेला भाग एक नंबर. कायद्याचं नावही नाही, फक्त कागद. जॉइंट मेजरमेंट, म्हणजे दोघांनी मिळून झालेल्या कामाचं मोजमाप, घेतलं की त्याच दिवशी साईट इंजिनिअरची सही आणि तारीख, दुसऱ्या दिवशी नाही. एक्स्ट्रा आयटम तोंडी सांगितला तर संध्याकाळपर्यंत मेल टाकायचा, "आज आपण साईटवर सांगितल्याप्रमाणे अमुक काम अमुक रेटने सुरू करतोय", एवढंच. वर्क ऑर्डरमध्ये नसलेलं काम फुकट म्हणून केलेलं नसेल आणि समोरच्याने त्याचा फायदा घेतला असेल तर करार कायद्याच्या कलम ७० खाली पैसे मागता येतात हे नंतर मॅडमनी सांगितलं, पण सरांचं म्हणणं तिथपर्यंत जायची वेळच का आणता. आणि ती 'काही येणे बाकी नाही' वाली चिठ्ठी, जी रनिंग बिलाचा (काम चालू असतानाच्या बिलाचा) चेक देताना सही करून घेतात, ती आपण सगळेच करतो ना, कारण शनिवारी पोरांचा पगार असतो. जबरदस्तीने घेतलेल्या अशा सहीमुळे दावा आपोआप मरत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच म्हटलंय, पण जबरदस्ती सिद्ध करायची आपण, म्हणून सर म्हणाले सही केलीत तर त्याच दिवशी मेलवर लिहा की पैसे हवे होते म्हणून सही केली, बाकी येणं कायम आहे.

दुपारी मॅडम आल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी विचारलं तुमच्यापैकी कोणाकोणाचं बिल दोन वर्षांपेक्षा जुनं आहे, अर्धे हात वर. मग म्हणाल्या पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर दावा करायला काम झाल्यापासून तीन वर्षं, आणि समोरचा फोनवर कितीही वेळा "पुढच्या आठवड्यात" म्हणाला तरी घड्याळ थांबत नाही. मुदत संपायच्या आत लेखी, सही असलेली कबुली मिळाली तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात, म्हणून दर मार्चला बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे इतकं देणं बाकी आहे असं लिहिलेल्या कागदावर, सही घ्या. मी तिथेच बोटांवर महिने मोजले. तीन राहिलेले. आमच्या सीएने हे बॅलन्स कन्फर्मेशन वगैरे कधी सांगितलं नव्हतं, का सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल, देव जाणे.

आता माझ्या वर्क ऑर्डरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं की वाद झाला तर कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर किंवा ते नेमतील तो माणूस एकमेव आर्बिट्रेटर. मी इतकी वर्षं समजत होतो की म्हणजे संपलंच, ज्याच्याकडे पैसे मागायचे तोच न्यायाधीश नेमणार. जेवणाच्या सुट्टीत तो कागद मोबाईलवर मॅडमना दाखवला तर हसल्याच. ज्याचा वादात हितसंबंध आहे तो स्वतः आर्बिट्रेटर होऊ शकत नाही आणि दुसरा नेमूही शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१७ आणि २०१९ च्या निकालांत सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वेच्या एका प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानेही एकतर्फी नेमणुकीच्या विरोधातच कौल दिला. म्हणजे क्लॉजमधला लवादाचा भाग राहतो, नेमायचा हक्क फक्त त्यांचा राहत नाही, एकमत नाही झालं तर हायकोर्टात अर्ज करून नेमून घ्यायचा. पण खरी मेख पुढे आहे. वाद झाल्यानंतर आपण लेखी लिहून दिलं की तुम्ही नेमलेला माणूस आम्हाला चालेल, तर मग तो चालतो. आणि मला आदल्या वर्षी त्यांच्या ऑफिसातून तसंच एक पत्र आलेलं, सही करून पाठवा म्हणून! आळसाने राहिलेलं. आयुष्यात पहिल्यांदा आळस कामाला आला.

खर्चाचाही हिशोब फळ्यावर करून दाखवला, हे मला फार आवडलं कारण वकील लोक खर्चाचं कधी बोलत नाहीत. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात फीचं कोष्टक आहे, ५ लाखांपर्यंत ४५ हजार, त्यावर २० लाखांपर्यंत वरच्या रकमेच्या साडेतीन टक्के, आर्बिट्रेटर एकटाच असेल तर आणखी पंचवीस टक्के. माझ्या रकमेला ६७,४०० आणि वर पाव, म्हणजे ८४,२५०, सहसा दोघांत अर्धी अर्धी. वकील वेगळा. आर्बिट्रेटर स्वतःच्या मनाने एकतर्फी फी ठरवू शकत नाही हा २०२२ चा निकालही सांगितला. आणि वेळ? दोन्ही बाजूंची कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांत निवाडा, दोघं तयार असतील तर अजून सहा, त्यापुढे कोर्टाची परवानगी. इंग्लंडात बांधकामाच्या बिलांसाठी १९९६ चा कायदा आहे, तिथे मधला तज्ज्ञ २८ दिवसांत तात्पुरता निकाल देतो आणि 'वरून पैसे आले की तुम्हाला देऊ' हा क्लॉज बहुतेक चालतच नाही. हे ऐकून मागच्या बाकावरून एक जण म्हणाला मॅडम पासपोर्ट काढू का.

दुसरा रविवार मात्र ढिला. सकाळचा दीड तास दिल्लीच्या एअरपोर्ट मेट्रोच्या लवादावर, २०१७ चा निवाडा, कंपनी जिंकली, आणि एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने क्युरेटिव्ह पिटिशनमध्ये (फेरविचाराचा अगदी शेवटचा अर्ज) तो उलटवला. हजारो कोटींचं ते भांडण, आम्ही इथे लाखाचे बादशहा, माझ्या शेजारचा सेंट्रिंगवाला चक्क घोरत होता. त्याऐवजी तीच वेळ एमएसएमईवर, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या कायद्यावर, द्यायला हवी होती, ते चाळीस मिनिटांत गुंडाळलं. आणि आपल्या कामाचं तेच आहे! सूक्ष्म-लघु उद्योगाला पैसे द्यायची मुदत करारात काहीही लिहा, ४५ दिवसांच्या वर जाऊ शकत नाही, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, बँक रेट ६ धरला तर १८ टक्के. निवाडा आपल्या बाजूने लागला आणि त्यांना कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) लागू झालं, मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येतो, म्हणून तर हल्ली मार्चमध्ये स्वतःहून फोन येतात, उद्यम नंबर (छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) पाठवा म्हणून.

पण दोन खड्डे आहेत आणि दोन्हीत मी पडलेलो. एक, माझं उद्यम रजिस्ट्रेशन डिसेंबर २०२२ चं, काम त्याआधीचं. आधीच्या निकालांप्रमाणे नंतर रजिस्ट्रेशन करून मागच्या कामाला फायदा नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका खंडपीठाने यावर वेगळं मत मांडून प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला, पण त्या आशेवर तीन महिने घालवू नका असं मॅडम स्पष्ट म्हणाल्या. दुसरं, माल आणि फिटिंग एकाच ऑर्डरमध्ये असेल तर ते वर्क्स कॉन्ट्रॅक्ट होतं आणि मुंबई हायकोर्टाने २०१७ मध्ये वर्क्स कॉन्ट्रॅक्टला हा कायदा लागत नाही असा निकाल दिलाय. खिडकी करून आणून बसवणे, आमचा सगळा धंदाच तो! मी विचारलं दोन ऑर्डरी वेगळ्या घेतल्या तर? त्या म्हणाल्या नुसतं कागदावर तोडून भागेल याची खात्री नाही, रेट, बिलं, डिलिव्हरी खरंच वेगळं पाहिजे. पुढचं विचारायच्या आत सर्टिफिकेट वाटप सुरू झालं. सर्टिफिकेट! लॅमिनेट केलेलं! ते घेऊन बिल्डरला दाखवू का?

नोट्स सगळ्या इंग्रजीत, हे मला खटकलंच. शिकवणं छान मराठीत आणि हातात दिलं ते ऐंशी पानी इंग्रजी, सोलापूरवाल्याने पिशवीत टाकलं ते टाकलं. जेवण बरं, दुसऱ्या रविवारचा मसालेभात झकास. पार्किंग नाही, टू-व्हीलरनेच जा. पाचपैकी साडेतीन, मेट्रो काढून एमएसएमई वाढवलं तर साडेचार देईन. नवीन वर्क ऑर्डर हातात असेल तर सही करायच्या आधी जा, माझ्यासारखं तीन वर्षांनी नको.

माझं म्हणाल तर त्या मंगळवारीच लवादाची नोटीस रजिस्टर्ड एडीने पाठवली, कारण समोरच्याला नोटीस मिळते त्या दिवशी लवाद सुरू झाला असं कायदा धरतो. पोचपावती आली ती पाकिटात जपून ठेवलीय. उत्तर नाही आलं, हायकोर्टातला अर्ज तयार केला, आणि तो दाखल व्हायच्या आधीच त्यांच्या अकाउंटच्या साहेबांचा फोन, तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून. सात लाखांपासून सुरू झालेले, सध्या साडेआठवर अडलेत.