म्हापशातला शिल्डवाला: मुलांची नावे मराठीत आणि बिनचूक

शाळेच्या बक्षीस समारंभासाठी शिल्ड, मेडल करून घ्यायची असतील आणि त्यांवर मजकूर मराठीत हवा असेल, तर म्हापशाच्या बाजारामागच्या गल्लीतल्या या दुकानात जा. कदंब बस स्टँडवरून चालत जाण्यासारखे आहे. दुकान एवढेसेच, दोन गिऱ्हाइके आत असली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचे. आम्ही यंदा तिथून ३४ नग करून घेतले आणि एकाही नावात चूक नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण मी तिथे गेले ती त्याचसाठी.

डिचोली तालुक्यात आमच्या गावची सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथी, पट २७. चौथीनंतर मुले हायस्कुलात जातात आणि तिथे सगळे इंग्रजीतून. म्हणजे आपले नाव मराठीत लिहिलेले बक्षीस हातात पडायची आमच्या मुलांची वर्षे चारच. गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका दुकानातून शिल्ड आणले. घाई होती, स्टेजवर जाईपर्यंत कुणी खोकीच उघडली नाहीत. ‘सर्वेश’चा रफार उतरून मध्येच पाय मोडका र उभा होता. ‘मैथिली’ची पहिली वेलांटी थ सोडून ल च्या अंगावर गेली होती. सर्वेश तेव्हा दुसरीत, नुकताच रफार शिकलेला. टाळ्या चालू असतानाच त्याने बाईंना विचारले, “बाई, माझा रफार कुठे आहे?” बाईंनी दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरी पट्टी चिकटवून हाताने नाव लिहून दिले. मी पालक-शिक्षक संघाची अध्यक्ष, ऑर्डर मीच दिली होती. ते मला वर्षभर टोचत राहिले.

यंदा या दुकानात पहिल्याच दिवशी मी हे सगळे सांगितले. मालक म्हणाले, “बाय, मोबाइलवरची अक्षरे माझ्या मशिनात तशीच टाकली की मोडणारच.” मग कॉम्प्युटरवर करूनच दाखवले. आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरे साठवायच्या नव्या सर्वमान्य पद्धतीत असते. शिल्डवाल्यांकडे बहुतेक कोरल ड्रॉ हे चित्रे-अक्षरे मांडायचे सॉफ्टवेअर आणि त्यात श्री-लिपीसारखे जुने फाँट. दोघांचे अक्षरांचे हिशेब वेगळे, त्यामुळे मजकूर नुसता चिकटवला की जोडाक्षरे सुटतात, वेलांट्या सरकतात. मराठी वाचणारा माणूस मशिनवर नसेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. हे गृहस्थ प्रत्येक नाव स्वतः टाइप करतात, मग अक्षरांची रेघांत आकृती करून टाकतात, म्हणजे पुढे फाँट बदलून काही बिघडायला नको. त्यानंतर साध्या कागदावर सगळी नावे छापून तुमच्या हातात देतात आणि मोठ्याने वाचायला लावतात. मी स्टुलावर बसून ३४ नावे वाचली. ‘ऋतुजा’वर त्यांनी मला थांबवले. “हजेरीपटात ऋ आहे की रु?” मी म्हटले, ऋ असणार. “असणार नको, विचारा.” शाळेत फोन केला तर बाई म्हणाल्या, रुतुजा, जन्मदाखल्यावर तसेच आहे. माझ्या यादीतली चूक त्यांनी पकडली.

शिल्डवर बसवायचा नावाचा पत्रा तयार होताना बघायला मिळाला. कागदावर नावे उलटी छापतात, आरशात दिसावी तशी. तो कागद सोनेरी पत्र्यावर पालथा ठेवून तापलेल्या प्रेसखाली दाबतात, जेमतेम मिनिटभर. वाफेसारखा वास येतो. मग हातमोजा घालून कागद एका कोपऱ्यापासून सोलत नेतात आणि पत्र्यावर अक्षरे सुलट उमटलेली असतात. त्यांनी पहिला सोलला तो सर्वेशचाच. रफार व च्या डोक्यावर, जिथे हवा तिथे. मी तो पत्रा गरम असतानाच हातात घ्यायला गेले, तर त्यांनी हात मागे ओढायला लावला.

घुमटाची, म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या मडक्यासारख्या वाद्याची, गोष्ट तर सांगायलाच हवी. आमच्या तिसरी-चौथीच्या आठ मुलांनी यंदा तालुक्याच्या स्पर्धेत घुमट आरतीला पहिला नंबर काढला. त्यांच्या शिल्डवर घुमटाचेच चित्र हवे होते. दुकानातल्या तयार चित्रांत तबला, गिटार, पेटी, घुमट नाही. २०१९ पासून घुमट हे गोव्याचे वारसा वाद्य आहे, शिल्डांच्या दुकानात त्याचे चित्र असायला हवे, असे मी त्यांना स्पष्ट बोलले. त्यांनी माझ्या मोबाइलवरच्या फोटोवरून काढायला घेतले. पहिल्या चित्रात दोन्ही तोंडांना कातडे दाखवले होते. मी म्हटले, मोठ्या तोंडालाच कातडे असते, मागचे लहान तोंड उघडे, त्यावरच तर पोरे डावा हात ठेवून आवाज दाबतात, सोडतात. त्यांनी कुरकुर न करता पुन्हा काढले, मागच्या तोंडावर लहानसा हातही दाखवला. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत, आता कायद्याने बंदी, आमची मुले बकरीच्या कातड्याचे वाजवतात. हे ऐकून त्यांनी कातड्याचा रंगही बदलला. या जास्तीच्या कामाचा पैसा घेतला नाही.

दर: आठ इंची लाकडी शिल्ड पत्र्यासकट २६० रुपये, मेडल ४५, मोठे सन्मानचिन्ह ५५०. इतर दोन ठिकाणी विचारले होते, शिल्डला वीस-तीस रुपये इथे जास्त पडतात. ते द्यावेत असे माझे मत आहे. आमचे पैसे घराघरातून जमले, कुणी पन्नास दिले, कुणी पाचशे. म्हणून मी पै-पैचा हिशेब बघते.

खोट आहे ती पॅकिंगमध्ये. खोकी पातळ, अस्नोड्याच्या वळणांवर बसमध्ये एकमेकांवर आपटून दोन शिल्डांचे कोपरे खरचटले. जुनी वर्तमानपत्रे घरून घेऊन जा. बुधवारी देतो म्हणाले आणि गुरुवारी दिले. मेडलांच्या फितीचा निळा रंग घामाने गळ्याला लागतो, लाल फीत मागा. शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्या दिवशी जाऊच नका, त्यांना बोलायला सवड नसते आणि नावे निवांत वाचून घेता येत नाहीत.

समारंभ देवळाच्या मंडपात झाला. जमखाने देवस्थानचे, माईक वाड्यावरच्या मुलांचा, भाजी-पाव आणि मणगणे ही गोड खीर बचत गटाच्या बायकांनी केली. रोज शाळेत मुलांचा माध्यान्ह आहारही याच बायका करतात, म्हणून मोठे सन्मानचिन्ह त्यांच्यासाठी होते. गटातल्या पाचही जणींची नावे त्यावर होती, नवऱ्याच्या नावाशिवाय, नुसती त्यांची. त्या पाचही जणी एकदम स्टेजवर चढल्या आणि ते कुणी हातात धरायचे यावर थोडा वेळ गेला. शेवटी सगळ्यांत वयस्क आजींनी घेतले, माईकजवळ गेल्या आणि पाचही नावे एकेक करून वाचून दाखवली. सर्वेश पहिल्या रांगेत मांडीवर शिल्ड घेऊन बसला होता. आजी वाचत होत्या तेव्हा तो आपल्या नावावरून बोट फिरवत होता.