स्फुरद ओढ्यात जाण्याचा धोका: माती परीक्षण की निर्देशांक?

ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवरातल्या विषारी शेवाळामुळे अमेरिकेतल्या टोलिडो भागात सुमारे 5 लाख लोकांचं नळाचं पिण्याचं पाणी दोन-तीन दिवस बंद होतं. या शेवाळाचा खुराक बराचसा ईरीला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतांमधून वाहून येणारा स्फुरद (फॉस्फरस). मग धोक्याचं शेत ओळखायचं कसं?

माती परीक्षण स्वस्त आणि ओळखीचं. पण ते बेतलंय पिकाची गरज कळावी म्हणून. नमुना साधारण 15-20 सेंटीमीटर खोलीचा. वाहतं पाणी मात्र वरच्या दोन-चार सेंटीमीटर मातीलाच भिडतं. बिननांगरटीच्या शेतात स्फुरद वरच साचतो आणि अहवालातल्या सरासरीत दडून जातो.

1993 मध्ये मांडलेला स्फुरद निर्देशांक आणखी एक प्रश्न विचारतो: हा स्फुरद पाण्यापर्यंत पोचणार कसा? उतार, धूप, ओढ्याचं अंतर, खत कधी आणि कसं टाकलं, या सगळ्याला गुण देऊन तो शेताचा धोका मोजतो. स्फुरदाने गच्च भरलेलं पण सपाट, ओढ्यापासून लांबचं शेत इथे बहुधा सुटतं. माती परीक्षणाचा आकडा मध्यम असूनही पावसाच्या तोंडावर शेणखत पसरलेलं ओढ्याकाठचं शेत सापडतं. मला हीच रीत पटते.

अर्थात कशाला किती गुण द्यायचे हे माणसंच ठरवतात, तेही अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. शिवाय मॉमी खोऱ्यात जमिनीखालच्या निचरा नळ्यांतूनही विरघळलेला स्फुरद निसटतो. सुरुवातीच्या निर्देशांकात त्याची दखलच नव्हती. आणि निर्देशांक काढायचा तरी माती परीक्षणाचा आकडा लागतोच, त्यामुळे नमुने काढण्यातून सुटका नाही.