पुणे–नागपूर: विमान, वंदे भारत की रात्रीची गाडी?

पुण्याचा लोहगाव विमानतळ ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ हे हवाई अंतर सरळ रेषेत साधारण ६०५ किलोमीटर भरतं. रेल्वेने तेच ८८१. नकाशा पाहिला की कारण कळतं. विमान मराठवाड्यावरून तिरकं निघून जातं. गाडी मात्र दौंड, अहिल्यानगर करत आधी मनमाडपर्यंत उत्तरेला चढते, मग जळगाव-भुसावळ आणि तिथून अकोला, बडनेरा, वर्धा. एवढा वळसा असल्यामुळेच या मार्गावर विमान ही नुसती चैन राहत नाही.

तिकिटावर उड्डाणाची वेळ सव्वा ते दीड तास दिसते. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने हे अंतर पाऊण तासात कापलं जायला हवं, पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरणं हे सगळं त्या वेळेत धरलेलं असतं. त्यात लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, म्हणजे तिथे आपण पाहुणेच.

खरा हिशेब घर ते घर करावा. हिंजवडीहून संध्याकाळी लोहगाव गाठायला दीड तास धरा. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोहोचायचं. पुढे उड्डाण, बॅगेची वाट आणि नागपुरात घरापर्यंतचा अर्धा तास. सहा तास सहज जातात. नागपूरचा विमानतळ शहराला लागूनच वर्धा रोडवर आहे, तेवढं सुख.

वंदे भारत १० ऑगस्ट २०२५ला सुरू झाली. पुणे ते नागपूरचं अजनी स्थानक बारा तास, तेही खुर्चीत बसून आणि दिवसाउजेडी. कौतुक खूप झालं, पण नागपूरला जाणाऱ्याचा अख्खा दिवस ती खाते. गरीब रथ किंवा आझाद हिंदला यापेक्षा जास्त वेळ लागतो, तरी रात्र झोपेत निघून जाते आणि सुटी वाचते. नागपूरसाठी माझी पसंती आधी विमानाला, तिकीट महाग झालं तर रात्रीच्या गाडीला. ट्रॅव्हल्सची स्लीपर दिवाळीत शेवटचा पर्याय म्हणून ठेवावी. समृद्धी महामार्गामुळे तिचा संभाजीनगरच्या पुढचा रस्ता सुधारला, पण पुण्यातून बाहेर पडणं सुधारलेलं नाही.

गाव अकोला, शेगाव किंवा अमरावतीकडचं असेल, तर मात्र विमान विसरा. नागपूरला उतरून अडीचशे किलोमीटर उलटं अकोल्याला यायचं, यात ना वेळ वाचतो ना पैसा. वंदे भारत शेगाव, अकोला, बडनेरा इथे थांबते आणि तिचा खरा उपयोग याच लोकांना आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याला एप्रिल २०२५मध्ये विमानसेवा सुरू झाली खरी, पण ती मुंबईची.

वर्ध्याचं काय? तिथे दोन्ही चालतं. नागपूरहून वर्धा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, त्यामुळे सकाळचं विमान मिळालं तर दुपारचं जेवण घरी.

सामानाचंही बघा. विमानात साधारणपणे चेक-इनला १५ आणि हातात ७ किलो. जाताना ते पुरतं. परतताना आई संत्र्यांची पेटी बांधून देणार असेल, तर परतीचं तिकीट रेल्वेचंच काढा.