रोजच्या शब्दकोड्यासाठी मदत कोणाची घ्यावी: कोश, फोन की घरातले वडीलधारे?

वर्तमानपत्रातले शब्दकोडे नेमाने सोडवणाऱ्या प्रत्येकाची गाडी कधी ना कधी चार-दोन घरांपाशी अडतेच. अशा वेळी मदत घेण्यात कमीपणा नाही. मात्र ती कोठून घ्यायची हे आधी ठरवलेले बरे. अडलेला शब्द सुटावा, बाकीचे कोडे आपल्यासाठी शिल्लक राहावे आणि तोच शब्द पुन्हा आला तर तो आपणहून आठवावा, या तीन गोष्टी ज्या मदतीने साधतात ती मी चांगली मानतो, आणि पुढची तुलना याच कसोटीवर केली आहे.

कोणत्याही साधनाची निवड करण्यापूर्वी मराठी कोड्याची घडण ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळते. त्यामुळे उभ्या शब्दातून मिळालेले एखादे अक्षर पुष्कळ काही सांगून जाते. समजा, ‘कमळ’ असा संकेत आहे आणि तीन घरे आहेत. पंकज, सरोज, नीरज, अंबुज, जलज हे सगळेच शब्द तेथे बसतात आणि सगळ्यांच्या शेवटी ‘ज’ आहे. म्हणजे शेवटचे अक्षर हाती येऊनही उपयोग होत नाही. मधल्या घरात ‘र’ आला तर उत्तर नीरज आणि ‘रो’ आला तर सरोज. एका मात्रेने शब्द बदलतो. जे साधन या मात्रेकडे दुर्लक्ष करते ते मराठी कोड्यात फार काळ साथ देत नाही.

छापील शब्दकोश ही सर्वांत जुनी आणि भरवशाची मदत. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि १९५० साली त्याला पुरवणी जोडली गेली, बोलीतले, शेतीतले, कारागिरांचे इतके शब्द एका ठिकाणी क्वचितच सापडतील. घरात ठेवायला मात्र वा. गो. आपटे यांच्या ‘शब्दरत्नाकर’सारखा एका खंडाचा कोश सोयीचा. अडचण अशी की, कोश शब्दावरून अर्थाकडे नेतो आणि कोडे अर्थावरून शब्दाकडे जायला सांगते. म्हणून सुचलेला शब्द बरोबर आहे की नाही, त्याची वेलांटी पहिली की दुसरी, हे पडताळण्यासाठी छापील कोशासारखी दुसरी वस्तू नाही. पण जो शब्द सुचतच नाही तो त्यात शोधणार कसा? पहिले अक्षर हाती असेल तर पाने चाळता येतात, आणि चाळताना इतर दहा शब्द नजरेखालून जातात हा लाभच. पहिले अक्षर नसेल तर कोश मिटून ठेवावा.

हेच जुने कोश संगणकावर आले आणि त्यांची ही उणीव बरीचशी भरून निघाली. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोल्सवर्थचा १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा कोश, दोन्ही विनामूल्य पाहता येतात. तेथे केवळ मूळ शब्दच नव्हे, तर अर्थाच्या मजकुरातही शोध घेता येतो. दाते-कर्व्यांच्या अर्थांत ‘कमळ’ शोधावे, म्हणजे ज्या ज्या शब्दाच्या अर्थात कमळ आले आहे ते शब्द पुढे येतात; मोल्सवर्थमध्ये त्यासाठी इंग्रजी शब्द द्यावा लागतो. अर्थावरून शब्दाकडे जाण्याची वाट ती हीच. सावधगिरी एकच बाळगावी: हे कोश मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखननियमांच्या आधीचे आहेत, त्यामुळे तेथे ‘नांव’, ‘केळें’ अशी अनुस्वारयुक्त रूपे भेटतात. कोड्यात आजचे रूप लिहावे.

आता फोनवरच्या शोधाविषयी. नदीचा उगम, एखाद्या साहित्यिकाचे टोपणनाव, क्रिकेटपटूचे आडनाव असे माहितीचे संकेत असतील तर फोन काढावा. विचार करून न सुचणारी माहिती शोधून काढण्यात मला काही गैर वाटत नाही. पौराणिक आणि ऐतिहासिक संकेतांसाठी मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ अधिक चांगले, कारण तेथे उत्तराबरोबर त्याचा संदर्भही वाचायला मिळतो. रिकाम्या घरांच्या जागी चिन्हे टाकून शब्द शोधून देणारी साधने मात्र मुळात इंग्रजी वर्णमालेसाठी घडलेली आहेत. संगणक उकार, वेलांटी आणि जोडाक्षरातला पाय मोडल्याची खूण ही सगळी वेगवेगळी चिन्हे धरतो. त्यामुळे आपल्या तीन घरांचा ‘पुस्तक’ त्याच्या हिशेबी सहा चिन्हांचा होतो आणि चार घरांचा ‘महाराष्ट्र’ दहा चिन्हांचा. अक्षरांची जोड लक्षात घेऊन बनवलेले साधन नसेल, तर घरांचा मेळ तेथे बसत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवादसाधनांकडेही हल्ली पुष्कळ जण वळतात. तीन अक्षरी शब्द मागितला असता ती चार अक्षरी शब्द बिनदिक्कत देऊन मोकळी होतात, आणि क्वचित भाषेत नसलेला शब्दही तितक्याच खात्रीने पुढे करतात. त्यांचा उपयोग करायचाच असेल तर घरांची संख्या न सांगता केवळ समानार्थी शब्दांची यादी मागावी, अक्षरे आपण मोजावीत आणि निवडलेला शब्द कोशात पाहून मगच लिहावा.

माझ्या मते सर्वांत समृद्ध मदत घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची. ‘चुलीच्या शेजारचे दुसरे तोंड, दोन अक्षरे’ असा संकेत वाचून दाखवला की चुलीवर स्वयंपाक केलेली आजी क्षणात ‘वैल’ सांगते. ‘एकावर एक रचलेली मडकी’ म्हटले की ‘उतरंड’. म्हणी आणि वाक्प्रचारांचे तसेच: ‘आवळा देऊन’ एवढे म्हणताच ‘कोहळा’ पुढे येतो. हे शब्द त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत, आणि आजी वैल सांगते तेव्हा त्यावर मंद आचेवर काय ठेवले जाई हेही सांगते. असा ऐकलेला शब्द मग विसरत नाही. विनंती एवढीच करावी की, “आजी, उत्तर नको, नुसती खूण सांग.” नव्या चित्रपटांच्या नावांसाठी हीच विनंती नातवंडांना करावी.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात येणारे उत्तर ही सर्वांत संयमी मदत. रात्रभर अडलेले घर मोकळे राहते, हे सर्वांना जमत नाही. पण कोडे रचणाऱ्याच्या सवयी याच वाटेने कळतात: मुलीसाठी तनया, सुता, दुहिता यांपैकी त्याला कोणता शब्द आवडतो, सोन्यासाठी तो कनक लिहितो की हेम. असे शब्द एका वहीत टिपून ठेवले तर काही महिन्यांत बाहेरची मदत लागण्याचे प्रमाण ठळकपणे घटते.

तेव्हा जे नव्याने सुरुवात करत आहेत त्यांनी एक खंडी कोश आणि वही यांवर खर्च करावा, आणि घरात वडीलधारे असतील तर कोडे त्यांच्या शेजारी बसूनच सोडवावे. पुण्या-मुंबईपासून दूर, परदेशात ई-पेपरवर कोडे सोडवणाऱ्यांना ही संगत रोज मिळत नाही; त्यांनी शिकागोच्या संग्रहातला अर्थशोध शिकून घ्यावा आणि म्हणींचे संकेत आठवड्याच्या फोनसाठी राखून ठेवावेत. ज्यांना केवळ माहितीचे संकेत अडवतात त्यांना फोनवरचा साधा शोध पुरेसा आहे. संवादसाधनाकडे मात्र या सगळ्यांनी कोश हाताशी असेल तेव्हाच वळावे.