रामदासपेठेतील ग्रोथ स्कॅन: तपासणी उत्तम, बसायची सोय अपुरी

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नागपूरला माहेरी आली आहे. तिच्या शेवटच्या तिमाहीतील ग्रोथ स्कॅन, म्हणजे ३२व्या आणि ३६व्या आठवड्यातील सोनोग्राफी, आम्ही रामदासपेठेतील या केंद्रात करून घेतली. तपासणीची गुणवत्ता आणि समजावून सांगण्याची पद्धत यांसाठी मी हे केंद्र मनापासून सुचवेन. प्रतीक्षागृहाची व्यवस्था मात्र गरोदर स्त्रिया डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसत नाही.

ग्रोथ स्कॅनच्या रिपोर्टमध्ये चार मापे महत्त्वाची असतात: डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. यंत्र प्रत्येक मापासमोर आठवडे छापते आणि घरच्यांची घाबरगुंडी बहुधा तिथेच उडते. मुलीच्या पहिल्या रिपोर्टमध्ये मांडीचे हाड ३३ आठवड्यांचे आणि पोट ३१ आठवड्यांचे असे आल्यावर, बाळाचे दिवस चुकले की काय, असे जावईबापूंनी फोनवरून लगेच विचारले. डॉक्टर मॅडमनी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीचा कागद समोर ठेवून सांगितले की प्रसूतीची तारीख त्या सोनोग्राफीवरून एकदा ठरली की पुढच्या मापांवरून ती बदलायची नसते, कारण सुरुवातीला सगळी बाळे जवळपास सारख्या गतीने वाढतात आणि पुढे प्रत्येकाची चण वेगळी होत जाते. वजनाचा अंदाजही दहा ते पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, हे त्यांनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले. त्यामुळे १ किलो ७०० ग्रॅम हा आकडा आम्ही काट्यावरचे वजन समजून घरी नेला नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते पोटाच्या घेराविषयीचे त्यांचे बोलणे. पडद्यावरचे चित्र थांबवून त्यांनी बाळाच्या पोटाभोवती ठिपक्यांचे वर्तुळ ओढले आणि आतले यकृत दाखवले. या महिन्यांत बाळ यकृतात साखरेचा साठा करते आणि त्वचेखाली चरबी धरू लागते. वारेतून पोषण कमी पडू लागले तर बाळाचे शरीर मेंदूकडचा रक्तपुरवठा आधी राखते, त्यामुळे डोके वाढत राहते आणि पोट मागे पडते. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन स्कॅनच्या मधल्या काळात पोटाचा घेर किती वाढला, हे पाहणे जास्त उपयोगाचे असते. याच कारणासाठी त्यांनी डॉपलरही केले. नाळेतले रक्त हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही पुढे वाहत आहे की नाही, हे त्यात पाहतात. मुलीच्या बाबतीत ते व्यवस्थित वाहत होते. चार आठवड्यांनी पोटाचा घेर अपेक्षेप्रमाणे वाढलेला आढळला आणि वजनाचा अंदाज अडीच किलोच्या वर गेला. या काळात बाळाचे वजन आठवड्याला साधारण २०० ग्रॅमने वाढते, असे त्यांनी आधी सांगितले होते, ते या आकड्यांशी जुळले.

पहिल्या स्कॅनच्या वेळी बाळाची छाती आणि पोट लयीत वरखाली होताना दिसले. आत हवा नसतानाही बाळ श्वासाचा सराव करते, हे मी प्रथमच डोळ्यांनी पाहिले. फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ साधारण ३४ ते ३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा तयार होतो. म्हणून त्याआधी कळा सुरू झाल्या तर डॉक्टर आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, आणि म्हणूनच पोटात दुखले किंवा पाणी गेले तर घरी वाट पाहत बसू नका, असे त्यांनी बजावून सांगितले.

गर्भजलाचा निर्देशांक ११ से.मी. आला. तो ५ ते २५ च्या दरम्यान असला की सर्वसाधारण मानतात. या टप्प्यात ते पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असते आणि बाळ तेच पुन्हा गिळत असते. नागपूरच्या मे महिन्यात आईने दिवसभर पाणी पीत राहावे, हा त्यांचा आग्रह होता.

बाळाच्या हालचालींविषयी तर हे केंद्र शंभर टक्के गुणांचे धनी आहे. नवव्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलते, असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. मॅडमनी ते ठामपणे खोडून काढले: लाथांऐवजी वळणे आणि सरकणे जास्त जाणवेल, पण हालचाली कमी होता कामा नयेत. शंका आली तर डाव्या कुशीवर झोपून मोजायचे. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठायचे.

आणखी एक गोष्ट आवर्जून नोंदवते. आमच्या आधीच्या रुग्णाबरोबर आलेल्या आजींनी “पेढे आणू की बर्फी” असे आडून विचारले, तेव्हा मॅडमनी भिंतीवरच्या गर्भलिंगनिदान बंदीच्या फलकाकडे बोट दाखवून विषय तिथेच संपवला. १९९४ च्या कायद्यानुसार भरायचा अर्जही त्यांनी पूर्ण भरून घेऊन सही घेतल्यावरच तपासणी सुरू केली.

आता उणिवा. दिलेली वेळ पाळली जात नाही, आणि आठवा-नववा महिना चालू असलेल्या स्त्रियांना कडक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ताटकळावे लागते. स्वच्छतागृह एकच आहे, तेही जिना उतरून. भर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचा जार आम्हाला रिकामा मिळाला. दुसऱ्या वेळी तपासणी सहायक डॉक्टरांनी केली. बाळाचे डोके खाली आहे एवढे सांगून त्यांनी आम्हाला मोकळे केले, आणि वारेच्या जागेविषयी मला स्वतः विचारावे लागले. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत मिळतो. एवढे चांगले समजावणाऱ्या केंद्राने हालचाली मोजण्याची रीत आणि तातडीने निघण्याची लक्षणे मराठीत अर्ध्या पानावर छापून द्यावीत, कारण आजूबाजूच्या तालुक्यांतून येणाऱ्या बायका तोंडी सांगितलेले सगळे लक्षात ठेवू शकतीलच असे नाही.

येथे जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागून घ्या आणि तपासणी मुख्य डॉक्टरच करणार आहेत ना, हे वेळ घेतानाच विचारा. आधीचे सर्व रिपोर्ट, विशेषतः पहिल्या तिमाहीतला, आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. उशी आणि पाण्याची बाटली घरूनच न्या.